बालवर्गात तासभर बसलो, मुलगा नुसते ठोकळे वाहत होता. यात शिकणं कुठे आहे?

पेन्सिलटोक

चिरंजीव साडेतीन वर्षांचे. बालवर्गात जायला लागून काही महिने झाले. "आज काय केलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "खेळलो." गेल्या आठवड्यात शाळेने पालकांना वर्गात बसून बघायची मुभा दिली, तेव्हा मी एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून तासभर बसलो.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. मुलाने फळीवरचे लाकडी ठोकळे एकेक करून खिडकीखाली नेले. सगळे नेऊन झाले तसे परत फळीपाशी आणले. बांधलं काहीच नाही. मग पाण्याच्या टबाकडे वळला आणि या भांड्यातलं त्या भांड्यात ओतत बसला. शेजारी एक मुलगी हेच करत होती, पण दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. स्वतःशी मात्र त्याची पुटपुट चालू होती. बाई तीन-चार मुलांना घेऊन जमिनीवर बसल्या होत्या, बाकीच्यांवर अधूनमधून नजर टाकत होत्या. फळा कोरा. वह्या कुठे दिसल्या नाहीत.

मेव्हणीची मुलगी याच्याहून दोन महिन्यांनी लहान, वेगळ्या शाळेत जाते. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, अक्षरं गिरवते. मला घाई नाही हो, पण काय चाललंय ते कळू तरी दे. शाळा बदलावी का? जाणकारांनी सांगावं. "हसत खेळत शिक्षण" वगैरे माहितीपत्रकातली वाक्यं नकोत, ती माझी पाठ झाली आहेत.

उशिरा_आलेला

+१. आमच्याकडेही "खेळलो" एवढंच. वाचतोय.

रंगीतखडू

माझी आतापर्यंतची सगळी नोकरी बालवर्गात शिकवण्यातच झाली, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. आधी एक सांगते. तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे, नव्या शिक्षिकांकडून असं लिहून घेताना माझ्या नाकी नऊ येतात. तुम्ही सगळं बघितलंत आणि खाली शेरा मात्र "काहीच नाही" असा मारलात. तेवढा शेरा खोडू या.

ठोकळे. वर्गात बहुधा पूर्ण, त्याच्या निम्मे आणि त्याच्या दुप्पट अशा मापाचे असतील. ही मापं कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेने गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. पुढे हॅरिएट जॉन्सन यांनी मुलं या ठोकळ्यांचं नेमकं काय करतात त्याची पायरीपायरीने नोंद केली, ती १९३३ साली छापून आली. त्यातली पहिली पायरी कोणती असेल? ठोकळे उचलून इकडून तिकडे नेणं. बांधणं त्यानंतर. हातात वजन किती भरतं, दोन एकदम मावतात का, लांब ठोकळा आडवा धरून दारातून जाता येतं का, हे आधी अंगाने कळावं लागतं. मग ओळी लावणं आणि एकावर एक रचणं, मग दोन उभ्या ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल, मग चारी बाजूंनी बंद कुंपण, मग दोन्हीकडे सारखी नक्षी. "हा दवाखाना आहे, इथून गाडी आत येते" असं नाव देऊन बांधणं त्याच्याही पुढचं. हे सगळे टप्पे प्रत्येक मूल ठरल्या वयात पार करतंच असं नाही, आणि मोठी मुलंसुद्धा नवे ठोकळे आले की आधी थोडा वेळ ते वाहतातच.

पुलाचं एक सांगते, कारण ते मला कितीदा बघितलं तरी पुरत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने दोन खांब उभे केले, अंतर जरा जास्त ठेवलं. वरचा ठोकळा मधून खाली पडला. तिने तोच पुन्हा ठेवला आणि तळहाताने दाबला, जणू दाबल्यावर तो लांब होईल. पडला. मग फळीवरून दुसरा घेऊन आली, तेवढ्याच लांबीचा. तोही पडला. उठताना तिच्या गुडघ्याचा धक्का लागून एक खांब आत सरकला आणि या खेपेला ठोकळा टेकला. तुम्हाला वाटेल आता टाळ्या पिटेल. तिने ठोकळा काढला, खांब मुद्दाम पुन्हा लांब केला आणि ठोकळा पडू दिला. मग जवळ घेतला, टेकवला. परत लांब. अंतर आणि लांबी यांचा संबंध तिने असा दोन्ही बाजूंनी तपासून घेतला. मी हाताची घडी घालून शेजारीच होते. "अगं, खांब जवळ घे" एवढे चार शब्द बोलले असते तर पूल लवकर झाला असता आणि तपासणी राहून गेली असती. गप्प बसणं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि बघणाऱ्याला तो आळस वाटतो.

आता पाणी. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हापासून ओतण्याचं काम बालवर्गात ठाण मांडून आहे. दोन हातांची कामं वेगळी: एक धरतो, एक कलंडवतो, डोळे काठावर. थांबायचं कधी, हे मनगटाला कळावं लागतं. शिवाय यात मापाची गंमत आहे. पसरट भांड्यातलं पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच बरणीत ओता आणि विचारा, पाणी वाढलं की तेवढंच? या वयाची बहुतेक मुलं "वाढलं" म्हणतात, कारण पातळी वर गेली. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं, आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत तसं वाटणं स्वाभाविकच असतं. सांगून ते बदलत नाही. ओतून, परत ओतून, सांडून बदलतं. टबात नेमकी कोणती भांडी ठेवायची हे बाईंनी आदल्या दिवशी ठरवलेलं असतं. तुम्ही गेलात तेव्हा त्यांचं शिकवणं अर्धं आटोपलेलं होतं.

शेजारच्या मुलीशी न बोलण्याबद्दल: मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटातल्या बालवर्गात मुलं कशी खेळतात ते बघून १९३२ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले. कशातच न गुंतणं, एकट्याने खेळणं, नुसतं बघत उभं राहणं, शेजारीशेजारी तेच खेळणं, मग देवाणघेवाण करत आणि शेवटी ठरवून एकत्र. शेजारीशेजारी हा मधला मुक्काम. दोघं बोलत नाहीत, पण एकाने पेला उलटा धरला की थोड्या वेळात दुसरीचाही उलटा होतो. पुढच्या वेळी तेवढंच बघा. सोबत खेळू लागण्याआधी मुलं बऱ्याचदा असंच शेजारी बसून अंदाज घेतात.

आणि पुटपुटणं! ते थांबवू नका, प्लीज. "आता हे इथे… नाही, हे मोठं आहे… थांब…" हा विचारच आहे, फक्त अजून मोठ्याने चाललेला. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मोठ्यांनी दिलेल्या सूचना मूल आधी स्वतःला ऐकू येईल अशा देतं आणि हळूहळू ते बोलणं आत जातं. काम अवघड झालं की पुटपुट वाढते. काय पुटपुटतोय ते कान देऊन ऐका, त्यात बाईंची वाक्यं सापडतील. तुमचीही.

हिशेबनीस

रंगीतखडू, छान लिहिलंय, पण दुसरी बाजू मांडतो. माझी मुलगी अशाच मुक्त वर्गातून पहिलीत गेली. तिथे पहिल्या आठवड्यापासून फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. बाकीची मुलं ओळी भरतायत आणि ही पेन्सिल मुठीत धरून रडतेय. दोन महिने घरात रोज रात्री युद्ध. व्हिगॉट्स्की काही मदतीला आला नाही. व्यवहार बघायला नको का? शाळेत पुढे जे होणार आहे त्याची तयारी नाही करून घ्यायची तर बालवर्ग कशाला, घरी पाण्याची बादली आहेच की.

कानोसा

मी वाचा-उपचार करते, म्हणून फक्त माझ्यापुरतं. मूळ प्रश्नात एक गोष्ट राहिली: वर्गात बोलणं कसं चालतं? "हा कोणता रंग?" "लाल." "शाब्बास." हे बोलणं तिथेच संपतं. "तू लाल घेतलास. मग हा वर कसा चिकटला?" इथे मुलाला वाक्य जुळवावं लागतं. त्याने अर्धं बोललं की बाई तेच थोडं वाढवून परत देतात, मग तो त्यात भर घालतो. गोष्ट वाचतानाही असंच. पुस्तक सलग वाचून बंद करणाऱ्यापेक्षा मध्ये थांबून "आता हा काय करेल?" विचारणाऱ्या बाईंच्या वर्गात मुलं जास्त बोलतात.

आणि एक. तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं घराबाहेरच्या माणसालाही कळायला हवं. कळत नसेल, किंवा मूल तीन शब्दांची वाक्यं करत नसेल, तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका, आधी ऐकण्याची तपासणी करा. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं खूप सर्रास असतं. तेवढ्या दिवसांत ऐकू कमी येतं, आणि वर्गात तेच मूल "लक्ष देत नाही" ठरतं.

रंगीतखडू

कानोसा, कानांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत.

हिशेबनीस, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण दोष कुठे टाकायचा यावर आपलं जमणार नाही. हाताचं बघा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचं व्हायला नऊ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. हाताचा ताबा खांद्याकडून बोटांकडे येतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. म्हणून आमच्याकडे भिंतीवर मोठा कागद लावून उभ्याने रंगवायला देतात. खांद्यापासून हात हलतो. मातीचे गोळे मळणं, चिमट्याने मणी उचलणं, कात्रीने कागदाची नुसती झालर कापणं, बुटाचा पट्टा स्वतः लावणं, ही सगळी लिहिण्याचीच तयारी. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांना चार ते सहाच्या दरम्यान येते. तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या सुमाराला, कारण तिरपी रेघ सगळ्यात कठीण. आता आपली अक्षरं डोळ्यांसमोर आणा. त्यांत गाठी आहेत, तिरप्या रेघा आहेत, अर्धे गोल आहेत. साडेतीन वर्षांच्या हाताकडून ती गिरवून घेतली तर निघतात, नाही असं नाही. पण मूल ती पेन्सिल आवळून, कागद फाटेस्तोवर दाबून, कुठूनही सुरुवात करून काढतं. ती आवळलेली पकड पहिलीत सोडवायला घेतलेली मी पाहिली आहे. नव्याने शिकवणं त्यापेक्षा सोपं असतं.

मात्र पाच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येऊच द्यायची नाही, हाही हट्टच झाला. मोठ्या गटात वस्तूंना चिठ्ठ्या लावणं, स्वतःचं नाव लिहिणं, दवाखाना खेळताना "औषधाची चिठ्ठी" खरडणं हे रोज व्हायला हवं. तुमच्या मुलीच्या शाळेत ते झालं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

शंभरपर्यंतच्या आकड्यांचं पेन्सिलटोक यांना सांगते. मेव्हणीच्या लेकीचं कौतुक करा, चाल लावून शंभर शब्द ओळीने म्हणणं सोपं नाही. फक्त तिच्यासमोर डबाभर बटणं ठेवा आणि म्हणा, "मला चार दे." कदाचित देईल. या वयाची पुष्कळ मुलं मूठभर उचलून देतात. "एक दे" कळतं, मग काही महिन्यांनी "दोन", त्यानंतर "तीन". आणि मोजताना शेवटी जो आकडा आला तोच "किती"चं उत्तर, हे उमजणं ही वेगळीच उडी आहे. मूल बोट ठेवून "एक, दोन, तीन, चार" मोजतं, तुम्ही विचारता "मग किती?" आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. ते विसरलेलं नसतं. "किती" म्हणजे "मोज" असा हुकूम आहे असं त्याला वाटतं. आमच्याकडे रोज एक मूल सगळ्यांना पेले वाटतं, प्रत्येकाला एक. कमी पडला की आणखी एक आणायला स्वतः जातं. गणिताचा तास तोच.

राहिलं वाट बघणं आणि भांडणं. बादली घरी असते, पण त्याच बादलीवर हक्क सांगणारी दहा मुलं घरी नसतात! एका गाडीला दोघं लोंबकळतायत, अशा वेळी गाडी काढून घेतली की भांडण मिटतं आणि शिकणंही. आम्ही गाडीवर हात ठेवतो, म्हणजे ती हलत नाही, आणि नुसतं बोलतो: "तुला हवी आहे. तुलाही हवी आहे. गाडी एक. काय करू या?" बहुतेकदा उत्तर अगदीच अन्यायाचं येतं ("मी खूप वेळ, तो थोडा वेळ") आणि दुसऱ्याला ते चालतं. मग आपण कशाला मध्ये पडा.

खोटंखोटं खेळण्याचाही इथे मोठा वाटा आहे. सोव्हिएत काळातला एक जुना प्रयोग आहे: मुलांना नुसतं "हलू नका, उभे राहा" म्हटलं तर थोडाच वेळ जमतं, पण "तू पहारेकरी आहेस" म्हटलं की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर राहतात. दवाखाना खेळताना पेशंटने उठून पळायचं नसतं. हा नियम त्याला कोणी शिकवत नाही, मोडला तर बाकीची मुलंच ओरडतात. पहिलीत बाकावर बसायचं आहे ना, ते इथून येतं.

आता हिशेबनीस यांच्या रागाचं एक खरं कारण सांगते, आमच्या क्षेत्रातल्या लोकांना आवडणार नाही. खोलीभर खेळणी आणि कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेली बाई, यालाही सर्रास "खेळातून शिक्षण" म्हणतात. त्याला मी पाळणाघर म्हणते, तेही बऱ्यापैकी वाईट. मिशिगनमधल्या पेरी बालवर्गाचं उदाहरण सगळे देतात. १९६२ पासून पाच वर्षं चाललेला प्रयोग, एकूण १२३ मुलं, निम्म्याहून थोडी कमी बालवर्गात, बाकीची नाही. दोन्ही गट मोठे होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवर्गातली मुलं शिक्षणात आणि कमाईत पुढे राहिली, तुरुंगाच्या वाटेलाही कमी गेली. हे खरंच आहे. पण तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जात असे. उदाहरण देणारे एवढं नेमकं गाळतात.

पेन्सिलटोक

बटणांचा प्रयोग केला. मेव्हणीच्या मुलीने "चार दे" म्हटल्यावर अख्खा डबा माझ्या मांडीत उपडा केला. चिरंजीवांनी दोन दिली, मग जरा विचार करून एक परत घेतलं. घरात शांतता आहे.

शाळा बदलत नाही सध्या. पण पाळणाघर कुठलं आणि बालवर्ग कुठला, हे माझ्यासारख्याने पालकसभेत विचारायचं कसं? आणि घरी "खेळलो" याच्या पुढे गाडी न्यायची कशी?

रंगीतखडू

बाईंना एकच विचारा: "सध्या तो कशात गुंतलेला असतो?" "छान आहे, हुशार आहे, थोडा मस्ती करतो" एवढंच आलं तर समजा, कोणी बघत नाहीये. "सध्या सगळं वाहून नेतोय, म्हणून आम्ही ढकलगाडी ठेवलीय" असं काही आलं तर निश्चिंत राहा. एका बाईच्या वाट्याला मुलं किती तेही विचारा. तीन-चार वर्षांची दहाच्या वर असतील तर बाई कितीही चांगली असो, बघणार कशी? भिंतीवरची चित्रं बघून घ्या. सगळ्यांची एकसारखी फुलपाखरं टांगली असतील तर ती बाईंनी कापली आहेत. साहित्य मुलांच्या हाताला येतं की कपाटाच्या वरच्या कप्प्यात "खराब होईल" म्हणून ठेवलंय? मुलं पाणी सांडल्यावर फडकं कुठून आणतात? याचं उत्तर मुलांना माहीत असेल तर चांगलं लक्षण.

घरी "काय केलं?" विचारू नका, तो फार मोठा प्रश्न आहे, आपल्यालाही ऑफिसातून आल्यावर त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही वर्ग बघितलाय, त्याचा फायदा घ्या. "आज खिडकीखाली ठोकळे कोणी नेले?" "पाण्यापाशी ती मुलगी होती का?" "टबात आज काय ठेवलं होतं?" आल्याआल्या नको, अंघोळीच्या वेळी विचारा. हात पाण्यात असले की बोलतात.

हिशेबनीस

आवळलेल्या पकडीवर एक वेगळा धागा काढा ना, रंगीतखडू. धाकटा आता चारचा होतोय, खडूसुद्धा मुठीतच धरतो.

रंगीतखडू

काढते. तोवर त्याला खडूचे तुकडे करून द्या, अगदी अंगठ्याच्या नखाएवढे. मुठीत धरताच येत नाहीत, बोटांत घ्यावेच लागतात.